निळे पडदे

…आणि वर संडास नवा हवा! का? तर फादर येणार! अहो, फादर तासभर थांबणार, मिस्सा म्हणणार, दोन सँडविचं खाणार, तेवढ्यात त्यांना तिकडे जावं लागेलच कशावरून? तर नोरीन, म्हणजे माझी बायको, कमरेवर हात ठेवून म्हणते, "आणि गेले तर?" आता याला काय उत्तर आहे, सांगा! मी मुकाट्याने टेप काढला आणि गुडघे टेकून मापं घ्यायला लागलो. आणि तुम्हाला सांगतो, तिथे गुडघ्यांवर बसल्या बसल्या माझ्या मनात एकच विचार… फिन्टन गेरेटी, गाढवा, ज्या घराचे हप्ते तू वर्षभर भरले नाहीस, जे घर बँक आज ना उद्या ताब्यात घेणार आहे, त्या घरात तू नवा संडास बसवतोयस! कोणासाठी? बँकेसाठी!

सांगणारच होतो हो नोरीनला. देवाशपथ, सांगणारच होतो.

तुम्ही म्हणाल, फादर घरी येणार म्हणून एवढा गहजब कशाला? अहो, ते असेतसे येत नव्हते, स्टेशन होतं आमच्याकडे! आमच्या मेयो काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, वाड्यांमध्ये पाळीपाळीने एकेका घरी मिस्सा, म्हणजे फादरची प्रार्थना, होते, ते स्टेशन. सगळी वाडी लोटते. मिस्सा अर्ध्या तासाची, पण तिच्यापायी घराची जी काही उस्तवार होते… आमच्याकडे म्हणतातच, स्टेशन नसतं तर मेयोतल्या एकाही घराला दुसऱ्यांदा रंग लागला नसता. कारण लोक येतात प्रार्थनेला आणि बघतात कोपरे. ती आमची टीसी हेनॅगन, म्हातारी एवढी वाकली आहे, पण खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून धूळ बघितल्याशिवाय तिच्या तोंडातून आमेन निघत नाही. आणि पाळी आली की नको म्हणायची सोय नाही. पाळी नाकारली की वाडी दोनच अर्थ काढते, एक तर नवराबायकोचं बिनसलंय, नाहीतर पैशाचं काहीतरी आहे. माझ्याकडे दुसरं होतं, आणि ते नोरीनला कळलं असतं तर पहिलंही झालं असतं!

आता एवढं थकलं कसं, तर ऐका. मी गिलाव्याची कामं करतो. चांगली करतो, भिंतीवर हात फिरवून बघा, गोटा! पण उजवा खांदा गेला. थापी वर नेली की डोळ्यांपुढे काजवे. कामं कमी झाली, त्यात व्हॅनचं इंजिन बसलं. व्हॅन नाही तर काम नाही, काम नाही तर हप्ता नाही, म्हणून एक हप्ता व्हॅनमध्ये घातला. म्हटलं, पुढच्या महिन्यात दोन भरू. पुढच्या महिन्यात म्हटलं, त्याच्या पुढच्या महिन्यात तीन भरू. अहो, मनातल्या मनात मी इतके हप्ते भरलेत की बँकच माझं देणं लागते! आणि खरी लाजेची गोष्ट तर वेगळीच आहे. नोरीन वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात राबते, हात बघा तिचे, आणि दर महिन्याला हप्त्याचा तिचा अर्धा वाटा माझ्या हातात ठेवते. ठेवते आणि वर म्हणते, "बरंय बाई, तू सगळं बघतोस, मला त्या बँकेचं काही कळत नाही." आणि मी ते पैसे घ्यायचो. घ्यायचो हो! काय म्हणणार होतो? तोंड इतकंसं करून घ्यायचो आणि व्हॅनच्या टायरमध्ये घालायचो. चोर तरी बरा, तो निदान "तू सगळं बघतोस" ऐकायला थांबत नाही.

सांगणारच होतो. खांदा बरा झाला की सांगणार होतो.

मग बँकेचे फोन सुरू झाले. एक मुलगी, आवाज असा गोड, की वाटावं लग्नाचं आमंत्रण करतेय. "मिस्टर गेरेटींशी बोलता येईल का?" मी म्हटलं, "नाही हो, बाहेर गेलाय तो." "आपण कोण बोलताय?" आता काय सांगू? तोंडातून निघून गेलं, "त्याचा भाऊ." मला भाऊ नाही! एकुलता एक आहे मी! पण एकदा भाऊ झालो तो झालोच. महिन्याभरात त्या भावाशी तिची अशी ओळख जमली की म्हणायला लागली, "तुम्ही तरी समजवा हो त्यांना. नुसतं बोलले तरी आम्ही काहीतरी मार्ग काढू." आणि मी सुस्कारा टाकून म्हणायचो, "काय सांगू तुम्हाला… तो ऐकत नाही हो कोणाचं."

आणि पाकिटं! फोन एकवेळ झटकता येतो, पाकिटांचं काय करायचं? तर आमच्याकडे प्रत्येक घरात लग्नात आलेला चिनी मातीचा एक सेट असतो. सोनेरी कडा, नाजूक कप, आणि एक झाकणाचं मोठं सूपचं भांडं. त्या कपाटाला कोणी हात लावत नाही. ख्रिसमसला नाही, कोणाच्या वाढदिवसाला नाही. त्या भांड्यात आजवर सूपचा थेंब पडला असेल तर शपथ! मी म्हटलं, जगात याहून सुरक्षित तिजोरी नाही. पाकीट आलं की न उघडता घडी करून सूपच्या भांड्यात. पोस्टमनने सही घेऊन एक जाडजूड दिलं, तेही भांड्यात. झाकण लावलं की मी मोकळा. आता तो सेट वापरतात कधी, हे विसरलोच मी. फादर येतात तेव्हा! फक्त आणि फक्त फादर येतात तेव्हा! देवळात फादरनी वेदीवरून जाहीर केलं, "यंदाचं स्टेशन गेरेटींकडे," आणि नोरीन आनंदाने माझा दंड दाबून कुजबुजली, "फिन्टन, आपला सेट निघणार!" …अहो, घाम फुटला मला देवळात. घरी पोचल्याबरोबर ती बूट काढतेय तोवर मी पाकिटं शर्टात कोंबली आणि गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली नेऊन दडपली. पोटाला कागद टोचत होते आणि ती आतून ओरडतेय, "पडदे पण नवे घेऊ या!"

पडदे! पडद्यांनी तर माझा जीव खाल्ला. निळे की करडे? रोज संध्याकाळी दोन तुकडे खिडकीला लावून उभी. "निळे की करडे?" नाताळसाठी साठवलेले पैसे तिने यात घालायचे ठरवलेले. तिला वाटत होतं, घर आपलं आहे, आता म्हातारपणापर्यंत हेच बघायचंय तर नीट निवडू या. आणि मी शिडीवर, रंगाचा ब्रश हातात, खाली तिचा चेहरा असा उजळलेला… मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, नोरीन, बस जरा. सांगणारच होतो! जीभ दातांपर्यंत आली होती! तर ती म्हणते, "बोल ना, निळे?" आणि मी म्हटलं, "निळे."

तर उजाडला तो शनिवार. घर असं झालं होतं की मलाच आत जाताना पाय पुसावेसे वाटत होते. अंगणात नवी खडी. टेबलावर पांढरी चादर, मेणबत्त्या, हॅमची सँडविचं, सफरचंदाचे टार्ट, आणि तो सेट, सूपच्या भांड्यासकट. लोक आले. टीसी हेनॅगनला कोणीतरी दारात सोडून गाडी लावायला गेलं, तिने आत येऊन बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, मान हलवली. पास!

मिस्सेच्या आधी फादर आतल्या खोलीत कबुली ऐकायला बसतात. घरमालकाने पहिलं जायचं, तशी रीतच आहे. मी म्हटलं, फिन्टन, देवानेच वाट दाखवली, आता तरी बोल. गेलो, वाकलो, म्हटलं, "फादर, मी बायकोपासून लपवलं." "काय लपवलं?" "घराबद्दल…" "वा, घर काय सुंदर केलंत हो! हा छताचा गिलावा कोणी केला?" "मीच." "छान! आमच्या बैठकीच्या छताला एक चीर गेलीय…" अहो, मी पाप सांगतोय आणि हे मला कामाची ऑर्डर देतायत! शेवटी एकदाचं सगळं ओकलो. फादर म्हणाले, "बायकोला सांगायलाच हवं, फिन्टन. देवाची माफी मिळेल, पण तिच्या वतीने मी नाही देऊ शकत." मी म्हटलं, "आज?" फादरनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं, सँडविचं पाहिली, गर्दी पाहिली, आणि म्हणाले, "आज नको. आज पाहुणे आहेत."

बघा! आता तर चर्चचीही परवानगी मिळाली!

मिस्सा सुरू झाली. बायका पुढे खुर्च्यांवर, आम्ही पुरुष मागे स्वयंपाकघराच्या दाराशी उभे, आमच्याकडे पुरुष नेहमी दाराशीच असतात, न जाणो पळावं लागलं तर. माझ्या एका बाजूला पॅकी टायमन, शेजारचा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. दुसऱ्या बाजूला जार्लथ, शाळेत मास्तर आहे, अंगणात त्याची नवीकोरी गाडी. आणि तेवढ्यात मागचं दार हळूच उघडून आत कोण आलं? डेव्हनी!

डेव्हनी कोण, तर कोर्टाचे कागद घरोघर नेऊन देणारा. बेलीफच म्हणा ना. लांबट चेहरा, तपकिरी कोट, आणि त्या कोटाच्या आतल्या खिशात काय असतं ते अख्ख्या काउंटीला माहीत. तो रस्त्यात दिसला की लोक दुकानात शिरतात, नको असलेलं लोणी विकत घेतात. आणि तो माझ्या घरात! फादरसमोर! आणि एक गंमत बघा, तेव्हा नाही कळली, नंतर कळली. पॅकी एकदम खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या बुटाला नाडी नाही, रबरी बूट तो! जार्लथ मास्तर हळूहळू सरकत पडद्यामागे. निळ्या. भिंतीशी उभी असलेली दोन तगडी माणसं एकाच अरुंद खांबामागे मावायला बघतायत. पण मला कुठलं काय दिसतंय? मला दिसतोय तो कोट.

फादर म्हणाले, "आता कोणाला काही मागायचं असेल, कोणासाठी प्रार्थना हवी असेल, तर सांगावं." आणि डेव्हनीचा हात उठला… आणि कोटाच्या आतल्या खिशात गेला.

मला राहवलं नाही हो! नोरीनसमोर त्याने कागद पुढे करावा, तिने तो हसत हसत घ्यावा, पाहुण्याने भेट आणलीय असं समजून… नाही बघवलं असतं. मी पुढे झालो आणि ओरडलो, "माझंच आहे ते! मीच! घराचे हप्ते मी भरलेले नाहीत, नोरीनचा काही दोष नाही, तिला काही माहीत नाही, जे काय असेल ते माझ्या हातात दे!"

आणि खालून, नाडीपासून, पॅकीचा आवाज. "थांब फिन्टन… ते माझं असेल." त्याची बायको कार्मेल खुर्चीतल्या खुर्चीत गर्रकन वळली. "काय म्हणालास?" आणि पडदा हलला, आतून मास्तर म्हणतो, "नाही, म्हणजे… मला वाटलं, माझ्याकडे आलेत."

डेव्हनी उभा, तोंड उघडं. हात खिशातून बाहेर आला. हातात चष्मा. "अहो… मी टीसीमावशीला घेऊन आलोय. गाडी लावत होतो," तो म्हणाला. "शनिवारी मी काम नाही करत."

शेवटी फादरनीच घसा खाकरला. काय करणार, प्रार्थना अर्धवट सोडता येत नाही. म्हणाले, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." आणि सगळी वाडी एका सुरात, इतक्या मनापासून कधी म्हणाली नसेल, "प्रभू, ऐक!"

मी नोरीनकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पडद्यांकडे बघत होती.

आता तुम्हाला वाटेल, तिथेच भडका उडाला असेल. छे! आमच्याकडे घरात पाहुणे असताना भडका उडत नाही. घर पेटलं तरी आधी चहा विचारतात. मिस्सा संपली, सेटचे कप वाटले गेले, आणि नोरीन चहा ओतत फिरायला लागली. फादरना, टीसीला, डेव्हनीलाही, "घ्या ना अजून एक सँडविच, घ्या, तुम्ही काहीच घेतलं नाहीत." चेहऱ्यावर हसू, असं शिवलेलं. आणि लोक जातायत का? दुपार टळली तरी जाईनात! "निघतोच आता," म्हणत म्हणत टार्टचा दुसरा तुकडा! फिरत फिरत नोरीन माझ्यापाशी आली, किटली तिरकी केली आणि विचारलं, "साखर?"

साखर! अहो, लग्न झाल्यापासून माझा चहा तीच करते. दोन चमचे, न विचारता. मी म्हटलं, संपलं. बँकेने घर घेतलं असतं तरी मला एवढं परकं वाटलं नसतं.

शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली. तिने ऍप्रन सोडला, खुर्चीवर बसली. "कुठे आहेत?" "काय?" "पाकिटं, फिन्टन. मूर्ख समजू नकोस मला, तेवढं पुरे झालं." मी डिकीतून आणली. तिने हॅम कापायच्या सुरीने एकेक फोडलं, वाचलं, सरळ करून ठेवलं. पोस्टमनने सही घेतलेलं जाडजूड पाकीट उघडलं आणि थांबली. कोर्टाची तारीख होती. येत्या बुधवारची! तो चष्मा खिशातून निघाला नसता, तर मी बुधवारी फादरच्या छताची चीर बुजवत बसलो असतो आणि तिकडे घराचा निकाल लागला असता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "खांदा गेला, पैसे नव्हते, हे मला कळतं. घर जाईल याची भीती वाटतेय, खूप वाटतेय, पण तेही एकवेळ सोसेन. पण तू मला पडदे निवडू दिलेस, फिन्टन. मी रोज त्या खिडकीत उभी राहून तुला विचारत होते, आणि तू वर शिडीवरून म्हणालास, निळे." आणि रडली. मी तिथे उभा राहिलो. एवढंच सुचलं.

सोमवारी गेलो दोघं तालुक्याच्या गावी, कर्जात बुडालेल्यांना फुकट सल्ला देतात त्या ऑफिसात. नोरीनने पाकिटं कशात नेली असतील? सूपच्या भांड्यात! झाकणासकट! म्हणाली, "जिथे होती तिथेच शोभतात." बाहेरच्या बाकावर बघतो तर पॅकी आणि कार्मेल, मधे एक हाताचं अंतर. पलीकडे मास्तर, तोंडापुढे वर्तमानपत्र, उलटं. त्या सल्लागार बाईंनी दार उघडून आम्हाला सगळ्यांना बघितलं, भांडं बघितलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या वाडीत काही साथ आलीय का हो?"

बाई देवमाणूस. मिळकत किती, खर्च किती, सगळं एका फॉर्मवर लिहून घेतलं आणि बँकेला फोन लावला. पलीकडे तीच गोड मुलगी! मी घसा साफ करून म्हटलं, "मी फिन्टन गेरेटी बोलतोय." ती म्हणते, "अखेर! आणि तुमचे भाऊ कसे आहेत? फार भला माणूस हो." नोरीनने माझ्याकडे जे बघितलं ना… ते मी सांगत नाही.

आणि बुधवारी कोर्ट. तिथे मात्र हसू आलं नाही मला. नाव पुकारायचे, उत्तर नाही. दुसरं नाव, उत्तर नाही. कोणी उभंच राहत नाही, आणि पुढे बसलेल्या, निकाल देणाऱ्या रजिस्ट्रारबाई खाली मान घालून लिहितायत. प्रत्येक नावामागे एकेक घर होतं हो, एकेक सूपचं भांडं होतं कुठेतरी. माझं नाव आलं तेव्हा मी शाळेतल्यासारखा ओरडलो, "हजर!" अख्खं कोर्ट दचकलं. रजिस्ट्रारबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "आलात हे फार बरं केलंत." आलो एवढ्यानेच काम पुढची तारीख देऊन थांबलं. मग सल्लागार बाई आणि बँक भांडत बसल्या, आणि ठरलं, आधी सहा महिने कमी हप्ता भरून दाखवायचा, मग थकलेलं सगळं शेवटाला जोडायचं, मुदत वाढवायची. मी सत्तरीचा होईपर्यंत हप्ते. सहा महिने नीट गेले. घर राहिलं.

साखरही आली परत. हळूहळू. आधी एक चमचा, बऱ्याच दिवसांनी दुसरा. पैसे आता तीच बघते, मला खिशाला थोडे देते, पाकीट आलं की दारातच फोडते. आणि मला वचन द्यावं लागलंय, सगळं सांगायचं, इथून पुढे काही म्हणजे काही लपवायचं नाही. रोज रात्री दिवा मालवताना विचारते, "काही राहिलं नाही ना सांगायचं?" मी म्हणतो, "नाही गं."

आणि सकाळी डोळे उघडतो तर समोर ते पडदे. सत्तरीपर्यंत हप्ते, म्हणजे सत्तरीपर्यंत पडदे! आता तुम्ही आपले म्हणून तुम्हाला सांगतो, तिच्या कानावर घालू नका… निळा रंग मला लहानपणापासून बघवत नाही. करडे हवे होते हो मला.

सांगणार आहे तिला. सांगणारच आहे.